भाड्याचं घर: आधी हिशोब, मग कागद, मग चावी

मे महिना संपत आला की शाळेच्या ऑफिसात दाखले काढायला पालक येऊ लागतात. कारण विचारलं तर बऱ्याच वेळा उत्तर एकच असतं: घर बदललं. मालकाने खोली रिकामी करायला सांगितली, भाडं एकदम वाढवलं किंवा घर विकायला काढलं. आई-वडील कसंबसं दुसरं घर शोधतात, पण मुलाची शाळा सुटते, मैत्री सुटते, अभ्यास मागे पडतो. काही मुलं चौथीत येईपर्यंत तिसऱ्या शाळेत बसलेली असतात. भाड्याच्या घराचा प्रश्न फक्त मोठ्यांचा नाही, तो मुलांच्या तालीमचाही आहे.

महिन्याला बारा-पंधरा हजारांत भागवणाऱ्या कुटुंबाने सोलापुरात भाड्याचं घर कसं शोधावं, काय तपासावं आणि मिळालेलं घर हातातून जाऊ नये म्हणून काय करावं, हे या लेखात सोप्या शब्दांत मांडतो आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. कमी भाड्याचं घर स्वस्त असतंच असं नाही. ज्या घराचा पूर्ण हिशोब आपल्याला माहीत आहे आणि ज्याचा नोंदणी केलेला कागद आपल्या हातात आहे, तेच घर खरं स्वस्त.

स्वस्त खोल्या कमी का?

सोलापूर हे कामगारांचं शहर. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिला आजही लोक जुनी गिरणी म्हणतात. पुढे आणखी गिरण्या आल्या, यंत्रमाग आले, विडीचे कारखाने आले. गिरण्या बंद पडल्या तरी कामगार इथेच राहिले. या कामगारांचा मोठा हिस्सा पिढ्यान्पिढ्या भाड्याच्या खोलीत राहत आला आहे.

कामगारांसाठी घरं बांधली गेली नाहीत असं नाही. कुंभारीजवळ गोदूताई परुळेकर वसाहतीत महिला विडी कामगारांना १०,००० घरं मिळाली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचं वाटप झालं. त्यानंतर माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकारातून रे नगरचा ३०,००० घरांचा प्रकल्प आला. जानेवारी २०१९ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पहिली १५,००० घरं सुपूर्द झाली. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, रिक्षाचालक अशा असंघटित लोकांची ही घरं.

ही मोठी कामं झाली. पण ती मालकीची घरं आहेत. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचं एक लाख असं अनुदान मिळालं तरी उरलेली रक्कम लाभार्थ्यानेच भरायची असते. ज्याच्याकडे तेवढे पैसे नाहीत आणि कर्ज फेडायची ताकदही नाही, त्याच्यासाठी भाड्याचं घर हाच मार्ग उरतो. टाळेबंदीत परप्रांतीय मजुरांचे हाल झाल्यावर २०२० मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची वेगळी योजना आणली. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांचा एक भाग आहे. तरीही आज आपल्या शहरात भाड्याचं घर म्हणजे कुणातरी खासगी मालकाची स्लॅबची किंवा पत्र्याची खोली, हेच वास्तव आहे.

आपल्यासाठी त्यात एक अडचण जास्तीची आहे. नाव ऐकून घर नाकारलं जाण्याचा अनुभव अनेकांना आला असेल. मुसलमानांना आपल्या वस्तीबाहेर घर विकत किंवा भाड्याने मिळणं कठीण जातं, हे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही नोंदवलेलं आहे. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुसलमान भाडेकरूंना नावावरून नकार मिळतो किंवा जास्त भाडं, जास्त अटी लावल्या जातात, हे त्यातून पुढे आलं.

याचा थेट परिणाम खिशावर होतो. विजापूर वेस, बेगम पेठ, शास्त्रीनगर, नई जिंदगी अशा मोजक्याच भागांत सगळे घर शोधू लागले की खोल्या तेवढ्याच राहतात आणि मागणारे वाढतात. मग खोली लहान असली तरी भाडं चढतं, डिपॉझिट चढतं आणि मालकाची अट मान्य करण्याशिवाय इलाज उरत नाही.

आधी पूर्ण हिशोब

घर पाहायला गेलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, भाडं किती? खरं तर विचारायला हवं, महिन्याचा एकूण खर्च किती?

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत. एका कुटुंबाची कमाई १४,००० रुपये. पेठेतली खोली ५,००० ला मिळते आणि शहराबाहेरची ३,००० ला. बाहेरची स्वस्त वाटते. पण घरातली दोन माणसं रोज शहरात कामाला येणार असतील, शेअर रिक्षाला एका माणसाचे जाऊन-येऊन ६० रुपये लागत असतील, तर २६ दिवसांचे ३,१२० रुपये होतात. म्हणजे ती खोली पडली ६,१२० ला. मुलांच्या शाळेची रिक्षा वेगळीच. विडी वळणाऱ्या बहिणींना पान-तंबाखू आणायला आणि माल द्यायला कारखान्यात जावं लागतं, त्यांच्यासाठी तर अंतर म्हणजे मजुरीतूनच कापलेले पैसे. भाडं आणि येण्या-जाण्याचा खर्च मिळून कमाईच्या एक तृतीयांशाच्या आसपास राहिला तर घर चालतं. त्यापुढे गेला की उधारी सुरू होते.

दुसरा हिशोब पाण्याचा. सोलापूरला उजनीचं पाणी येतं, पण वर्षानुवर्षे रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. म्हणून खोली पाहताना विचारा: हौद किंवा टाकी आहे का? ती किती बिऱ्हाडांत आहे? बोअर आहे का, आणि उन्हाळ्यात तो चालतो का? याचं खरं उत्तर मालकापेक्षा शेजारची बाई देईल.

तिसरा हिशोब लाईटचा. एकाच मीटरवर तीन-चार बिऱ्हाडं असली की सगळ्यांचे युनिट एकत्र होतात. महावितरणचा दर १०० युनिटनंतर वाढतो, ३०० नंतर आणखी वाढतो. म्हणजे तुम्ही वापरले ६० युनिट, पण पैसे भरता वरच्या दराने. स्वतंत्र मीटर असलेली खोली दोनशे रुपये महाग असली तरी परवडू शकते. सब-मीटर असेल तर युनिटचा दर आधीच ठरवून घ्या आणि राहायला गेल्या दिवशी रीडिंगचा फोटो काढा. वीज कायदा २००३ नुसार मालकाप्रमाणेच जागेचा ताबा असणाऱ्यालाही वीज जोडणीसाठी अर्ज करता येतो. मात्र ताबा दाखवायला कागद लागतो. इथूनच कागदाची गोष्ट सुरू होते.

कागद: नोटरी नाही, नोंदणी

आपल्याकडे बहुतेक व्यवहार तोंडी होतात. फार तर स्टँप पेपरवर टाईप करून नोटरीचा शिक्का मारतात. लोकांना वाटतं झाला करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि तो दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलाच हवा. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. त्याने ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि करार नोंदवलेला नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही.

तरी मालक नोंदणीला का घाबरतात? ‘कागद केला तर भाडेकरू घर बळकावेल’ ही जुनी भीती. वस्तुस्थिती उलटी आहे. नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्स करारात मालकी बदलत नाही, राहणाऱ्याला फक्त ठरलेल्या मुदतीपुरती परवानगी मिळते. मुदत संपूनही तो गेला नाही तर कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतो आणि त्या काळाचं दुप्पट भाडंही मागू शकतो. मालकाला हे शांतपणे समजावून सांगा. कागद दोघांचाही बचाव करतो. आणि हेच कलम लक्षात घेऊन भाडेकरूनेही मुदत संपण्याच्या एक-दीड महिना आधी नूतनीकरणाचं बोलून घ्यावं.

खर्च किती? मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. समजा भाडं ४,५०० आणि करार ११ महिन्यांचा, तर एकूण भाडं ४९,५००. परत मिळणारं डिपॉझिट २५,००० असेल तर त्यावर वर्षाला १० टक्के धरून साधारण २,३०० रुपये त्यात मिळवतात. अशा सुमारे ५१,८०० रुपयांवर शुल्क येतं १३० रुपयांच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण हद्दीत ५०० रुपये. ऑनलाईन दस्ताचं किरकोळ शुल्क धरूनही सरकारी खर्च दीड हजाराच्या आत बसतो. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, त्याची फी वेगळी. ती आधी ठरवा आणि सरकारी पावती वेगळी मागा. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचं आधार कार्ड आणि अंगठा लागतो.

आता पालकांनी नीट लक्ष द्यावं. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करताना भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला राहण्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार लागतो. नोटरीचा कागद चालत नाही, आणि अर्जाची तारीख आल्यावर घाईने केलेला करारही चालत नाही. आपल्यातल्या बागवान, मोमीन, तांबोळी, अत्तार अशा अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात, त्यांना या जागांसाठी उत्पन्नाची अट नाही. पात्र असूनही फक्त एका कागदासाठी मुलाची संधी जाते. ज्यांचं मूल पुढच्या वर्षी पहिलीत जाणार आहे, त्यांनी या वर्षीच करार नोंदवून ठेवावा.

घर बदलावं लागलंच, तर शाळा मध्येच सोडू नका. दाखला द्यायला उशीर झाला या कारणावरून दुसऱ्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये ते स्पष्ट आहे. मुलाला आधी वर्गात बसवा, दाखला मागून येईल.

डिपॉझिट म्हणजे अमानत

गरीब कुटुंबाला भाड्यापेक्षा डिपॉझिट जड जातं. ते गोळा करायला दागिना गहाण पडतो किंवा व्याजाने पैसे घेतले जातात. महाराष्ट्रात राहत्या घराच्या डिपॉझिटला कायद्याची ठरलेली मर्यादा नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, पण राज्याने तो स्वीकारला तरच ती लागू होते. त्यामुळे आज बोलून कमी करणं हाच उपाय. दोन हप्त्यांत देण्याची मुभा मागा.

दिलेली रक्कम करारात अंकांत आणि अक्षरांत लिहा. खोली सोडल्यावर किती दिवसांत परत मिळणार आणि कशाचे पैसे कापले जाणार, तेही लिहा. पैसे शक्यतो बँकेतून किंवा मोबाईलवरून द्या. रोख दिले तर पावती घ्या. भाड्याची पावती देणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे. ‘आपलाच माणूस आहे, कागद कशाला’ असं म्हणून विषय टाळू नका. देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, ही शिकवण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीतच आहे. कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे.

हेवी डिपॉझिटबद्दल जास्त सावध राहा. यात मालकाला दोन-तीन लाख एकरकमी द्यायचे आणि भाडं न देता किंवा नाममात्र देऊन राहायचं. काही लोक याला गिरवी म्हणतात. मालकाने ते पैसे खर्च केले, किंवा घरावर बँकेचं कर्ज असलं आणि बँकेने जप्ती आणली, तर तुमची आयुष्याची पुंजी अडकते. शिवाय दिलेल्या रकमेच्या बदल्यात घर फुकट वापरणं हा व्याजाचाच प्रकार आहे, असं अनेक उलेमांचं मत आहे. म्हणून असा व्यवहार करण्याआधी वकिलालाही विचारा आणि मुफ्ती साहेबांनाही.

चावी घेण्याआधी

मालक खरा आहे का, हे घरपट्टीच्या पावतीवरून आणि लाईट बिलावरून पाहा. नाव वेगळं असेल तर नातं विचारा. घर वारसांच्या सामाईक मालकीचं असेल तर बाकीच्यांची संमती आहे का ते पाहा, नाही तर सहा महिन्यांनी दुसरा भाऊ येऊन दारात उभा राहतो. मोबाईलवर फोटो पाहून टोकनचे पैसे कधीच पाठवू नका.

भाडेकरूची माहिती मालकाने पोलीस ठाण्यात द्यायची असते, ती ऑनलाईनही देता येते. त्याला घाबरायचं कारण नाही. उलट ओळखपत्र, फोटो आणि आधीच्या मालकाचा नंबर अशी फाईल तयार ठेवली तर नवीन भागात घर मिळवताना बोलणं सोपं जातं. सहकारी सोसायटीतला फ्लॅट असेल आणि ‘सोसायटी परवानगी देत नाही’ असं उत्तर आलं, तर हे माहीत असू द्या: आदर्श उपविधींनुसार सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. करार आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत देऊन सोसायटीला आधी कळवायचं असतं. मात्र मालकानेच नकार दिला तर त्याला भाग पाडेल असा ठोस कायदा आपल्याकडे नाही. ही कमतरता खरी आहे.

पेठांतल्या जुन्या वाड्यांत वर्षानुवर्षे राहणाऱ्या भाडेकरूंची गोष्ट वेगळी आहे. त्यांना भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे. भाडं सर्वसाधारणपणे वर्षाला ४ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही आणि ठरावीक कारणांशिवाय, कोर्टाच्या हुकमाशिवाय घर खाली करून घेता येत नाही. अशा कुटुंबाकडे मालक ११ महिन्यांचा नवा कागद घेऊन सहीसाठी आला, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. एका सहीत जुना हक्क जाऊ शकतो.

मालकाने त्रास दिला तर

भाड्याचा वाद असला तरी पाणी किंवा लाईट तोडता येत नाही, कलम २९ त्याला मनाई करतं. सामान बाहेर फेकणं, कुलूप लावणं हेही बेकायदा आहे. आधी लेखी तक्रार करा, पोलीस ठाण्यात पोच घ्या. त्यानंतर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कमी उत्पन्न असलेल्या पुरुषांनाही मिळतो. देशभराचा हेल्पलाईन क्रमांक १५१०० आहे. विधवा आणि एकट्या बहिणींनी करार स्वतःच्या नावावर करावा, भावाच्या किंवा दिराच्या नावावर नाही. उद्या घर सोडायची वेळ आली तर डिपॉझिट कुणाच्या हातात जाणार, हे त्या नावावर ठरतं.

आपण मिळून काय करू शकतो?

रे नगरची ३०,००० घरं एकेकट्याने अर्ज करून उभी राहिली नाहीत, लोक संघटित झाले म्हणून उभी राहिली. भाड्याच्या घरांबाबतही छोट्या पातळीवर हे करता येईल. मोहल्ल्यातल्या कमिट्यांनी, बचत गटांनी डिपॉझिटपुरता कर्ज-ए-हसना फंड सुरू करावा: वीस-पंचवीस हजार बिनव्याजी द्यायचे, दरमहा हप्त्याने परत घ्यायचे. मशिदीच्या फलकावर रिकाम्या खोल्यांची माहिती लावली तर महिन्याभराच्या भाड्याएवढं कमिशन वाचतं. एखादा शिकलेला तरुण आठवड्यातून एक दिवस बसून करार वाचून दाखवू शकतो.

आणि जे आपल्यातले घरमालक आहेत, त्यांना विनंती. वस्तीबाहेर घर मिळत नाही म्हणून आपल्या माणसाची अडचण वाढते, तिचा फायदा उठवू नका. करार नोंदवा, पावती द्या, आणि घर खाली करून घ्यायचंच असेल तर वार्षिक परीक्षा होईपर्यंत थांबा. तुमचे दोन महिने थांबतील, पण एका मुलाचं वर्ष वाचेल.